आभाळातून पंचनामा : उपग्रहचित्रांच्या क्षेत्रातले करिअर

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली, तर जगबुडी नदीने खेड शहरात पाणी घातले. पाणी ओसरले की पंचनामे सुरू होतात. पण पूर नेमका कुठवर आला, किती भातशेती पाण्याखाली गेली, हे गावोगाव फिरून कळायला वेळ लागतो. अशा वेळी उपग्रहचित्रे कामी येतात आणि ती वाचणारी जाणती माणसे लागतात. ‘बारावीनंतर काय?’ या प्रश्नाने धास्तावलेल्या घरांनी या वाटेचा जरूर विचार करावा.

काम नेमके काय?

ऐन पावसाळ्यात कोकणावर ढग दाटलेले असतात. साध्या कॅमेऱ्याला खालचे काही दिसत नाही, म्हणून रडार उपग्रह वापरतात. युरोपचा सेंटिनेल-१, इस्रोचा २०२२ मध्ये सोडलेला ईओएस-०४ आणि ३० जुलै २०२५ रोजी झेपावलेला इस्रो-नासाचा निसार हे त्यांतले महत्त्वाचे. रडारच्या लहरी ढगांतून आरपार जातात. संथ पाणी त्या लहरी आरशासारख्या दुसरीकडे परतवते, त्यामुळे चित्रात पाणी काळे दिसते. पुराआधीचे आणि पुरातले चित्र शेजारी ठेवले की नव्याने काळा झालेला भाग कळतो. सेंटिनेल-१ च्या नेहमीच्या चित्रातला एक ठिपका दहा मीटर लांब-रुंद, म्हणजे साधारण एक गुंठा. त्यावर गावांच्या सीमा आणि गट नंबर बसवले की नुकसानीचा पहिला अंदाज हाती येतो.

कोकणातल्या मुलांची जमेची बाजू

काळे दिसले म्हणजे पूर, असे मात्र नाही. जुलैत लावणीच्या खाचरात पाणी असतेच. डोंगराआडची रडारची सावलीही काळी दिसते. भरती-ओहोटीने खाडीकाठचे चित्र काही तासांत पालटते. याउलट शहरात भिंतींवर आदळून लहरी परत येतात आणि तुंबलेले पाणी नजरेतून सुटते. शिवाय आपल्या नद्यांचा पूर झटकन ओसरतो, तेवढ्यात उपग्रह वरून गेला नाही तर चित्रच मिळत नाही. मग भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा आणि नदीपातळीच्या नोंदी जोडाव्या लागतात. मळा कुठला आणि खाजण कुठले, हे जाणणारा मुलगा किंवा मुलगी इथे इतरांच्या पुढे असते.

शिक्षणाची वाट

भूगोल, भूशास्त्र, संगणकशास्त्र, कृषी किंवा सिव्हिल इंजिनिअरिंग, यांपैकी कुठलीही पदवी चालते. पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि पुण्याच्याच सिम्बायोसिसमध्ये जिओइन्फॉर्मेटिक्सची, म्हणजे संगणकावर नकाशे आणि उपग्रहचित्रे अभ्यासण्याच्या शास्त्राची, एमएस्सी करता येते. इंजिनिअरांसाठी आयआयटी मुंबई आहे. तिथल्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत २०२२ पासून जिओमॅटिक्सचा स्वतंत्र पेपर आहे. डेहराडूनची आयआयआरएस ही इस्रोची संस्था मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमही घेते.

पालकांसाठी

नोकरीचे काय? इस्रोचे हैदराबादचे दूरसंवेदन केंद्र एनआरएससी, राज्य सरकारचे नागपूरचे दूरसंवेदन केंद्र एमआरसॅक, पीकविमा, जलसंपदा आणि नगररचनेची कामे करणाऱ्या खासगी कंपन्या, अशी ठिकाणे आहेत. कायम सरकारी पदे थोडी; सुरुवात बहुधा प्रकल्पावरच्या कंत्राटी कामाने होते, हे गृहीत धरा. नुसते नकाशे काढता येणाऱ्यांची गर्दी आहे. पायथॉन आणि संख्याशास्त्र येणाऱ्याला मागणी अधिक.

म्हणून महागड्या क्लासची फी भरण्याआधी मुलांना सुट्टीत एक काम करू द्या. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर आणि सेंटिनेलची जुनी चित्रे फुकट मिळतात. जुलै २०२१ ची पुराआधीची आणि नंतरची चित्रे उतरवून वाशिष्ठीकाठचा नकाशा करावा, मग गावात फिरून जाणत्यांना विचारावे, पाणी खरेच इथवर आले होते का? नकाशा चुकला तर का चुकला, हे शोधण्यात मूल रमले, तर निर्धास्तपणे पुढे पाठवा.