आभासी वर्गातील कविता : एक टिपण

माध्यमिक शाळेतील शिक्षक आभासी अध्ययन-परिसराकडे पाठ फिरवतो, याचे कारण त्याच्या तांत्रिक अज्ञानात शोधण्याची प्रथा पडली आहे. मराठीच्या शिक्षकापुरते हे अनुमान तपासून पाहावयास हवे.

२०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झाले. २०१८ च्या दहावीच्या ‘कुमारभारती’त पाठापाठाला क्यूआर कोड आले, आणि २०२० मध्ये शाळा बंद पडल्यावर पडद्यावाचून गत्यंतर उरले नाही. या कोडामागे असते ते दृक्‌श्राव्य साहित्य, म्हणजे एक पूर्ण झालेले वाचन. त्याच पाठाखालील स्वाध्याय मात्र स्वमत, काव्यसौंदर्य, रसग्रहण मागतो; म्हणजे अपुरे, विद्यार्थ्याने पुरे करावयाचे वाचन. शब्दार्थ आणि आकृत्या यंत्राला तपासता येतात. रसग्रहणासाठी समोर कोणी ऐकणारे लागते.

मुक्तच्छंदातील कवितेत हा पेच अधिक तीव्र होतो. ओळीत विराम कोठे घ्यावा यावर अर्थ अवलंबून असतो. वर्गात शिक्षक तीच ओळ दोनदा, दोन प्रकारे म्हणतो आणि मुले वाद घालतात. (चांगल्या तासाची ही जुनीच खूण.) ध्वनिमुद्रणात विराम एकदाच ठरतो, आणि मुलांच्या लेखी तोच कवितेचा अर्थ होऊन बसतो.

म्हणून शब्दार्थ पडद्यावर सोपवून रसग्रहण फळ्यापाशी राखून ठेवणाऱ्या शिक्षकाला मागासलेला म्हणणे अन्यायाचे होईल. त्याने केलेली ही विभागणी मुळात वाङ्मयीन आहे. मुद्रित वाचन मध्येच थांबवून ‘तुम्ही कोठे थांबला असता?’ असे विचारणारा शिक्षक तर त्या साधनालाही वादात ओढतो.