नरक्याची पूड आणि केमोचं सलाइन

सायलीच्या सासूबाईंना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, केमो चालू आहे. गावाकडच्या आत्यांनी नरक्या नावाच्या झाडाच्या सालीची पूड पाठवली. सायलीचे मामा औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात वनौषधी शिकवायचे. तिने त्यांनाच गाठलं.

सायली : मामा, नरक्यात कॅन्सरचं औषध आहे हे खरं की थाप?

मामा : खरं आहे. कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं त्यात. आणि खरं आहे म्हणूनच मला भीती वाटते. सासूबाईंना सलाइनमधून काय देतात?

सायली : कागदावर आयरिनोटेकॅन लिहिलंय. सोबत आणखी दोन औषधं आहेत.

मामा : मग तर पूड अजिबात नको. आयरिनोटेकॅन कॅम्प्टोथेसिनपासूनच तयार केलेलं आहे. त्यांचं वजन, रक्ताचे रिपोर्ट बघून ते मोजून दिलं जातंय. पुडीतून त्याच कुळातलं विष किती जाईल, कोण सांगणार? नरक्याच्या दोन झाडांत ते सारखं नसतं. मुळात वेगळं, सालीत वेगळं.

सायली : हे शोधलं कुणी? आपल्याच लोकांनी?

मामा : आधी सापडलं ते एका चिनी झाडात. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी ते वेगळं काढलं. वाणी आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. सह्याद्रीतल्या नरक्यात तेच द्रव्य आहे हे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं.

सायली : मग लगेच औषध झालं असेल.

मामा : नाही गं, तीस वर्षं गेली. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचा सोडियम क्षार करून रुग्णांना दिला. तसं केलं की रेणूतलं एक कडं उघडतं आणि औषधाचा जोर जातो. पण ते मूत्राशयात पोचलं, तिथे लघवी आम्ल, कडं पुन्हा मिटलं. जिथे नको तिथेच जोर परत आला. रुग्णांच्या लघवीतून रक्त जायला लागलं, पांढऱ्या पेशी घसरल्या. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच चाचण्या थांबवाव्या लागल्या.

सायली : नरक्यावरच्या एका व्हिडिओत तर म्हणतात, प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मेल्या.

मामा : मेल्या असतील. पण काचेच्या बशीत यकृत नसतं, मूत्राशय नसतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० ते १९८२ या काळात सुमारे ३५,००० वनस्पतींचे अर्क तपासले. त्यातून रुग्णापर्यंत पोचलेली औषधं बोटांवर मोजण्याइतकी.

सायली : पण हे द्रव्य पेशीला मारतं कसं?

मामा : पेशी दोन होण्याआधी डीएनए उलगडावा लागतो. उलगडताना त्याला सुतळीसारखा पीळ बसतो. एक विकर त्यातला एक धागा कापतं, पीळ सोडवतं, धागा पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या कापावर अडकून बसतं, जोडूच देत नाही. हे १९८५ मध्ये कळलं, तेव्हा थंडावलेलं संशोधन पुन्हा उठलं. रेणूत फेरफार करून टोपोटेकॅन आणि आयरिनोटेकॅन झाली. १९९६ मध्ये अमेरिकेत दोन्हींना परवानगी मिळाली. पण भराभर वाढणाऱ्या पेशी काय फक्त कॅन्सरच्या असतात? आतड्याचं अस्तर, हाडांतला मगज, केसांची मुळं, सगळ्यांना झळ बसते.

सायली : सासूबाईंना जुलाब होतात ते त्यामुळेच?

मामा : हो. यकृत या औषधाला निकामी करून पित्तातून आतड्यात सोडतं, तिथले जिवाणू ते पुन्हा जागं करतात. काहींचं यकृत जन्मतःच या कामात मंद असतं, त्यांना डोस कमी लागतो. जुलाब वाढले तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच दवाखान्यात फोन करा.

सायली : आत्यांनी मायेने पाठवलंय हो. त्यांना काय सांगू?

मामा : सांग की ते औषध आधीच सलाइनमधून चालू आहे. खोटं नाही ते. आणि हेही सांग, की या सालीसाठी कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या जंगलांत नरक्याची अख्खी झाडं चोरून तोडली जातात. त्यातून माणूसही वाचत नाही आणि झाडही.

सायली : दुसरा एखादा काढा चालेल का? साधा?

मामा : साधा म्हणून सोडून देऊ नकोस. युरोपात उदासीवर सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती घेतात. एका अभ्यासात तिच्यामुळे आयरिनोटेकॅनचं रक्तातलं कामाचं रूप ४२ टक्क्यांनी घटलं. म्हणजे औषध दिलं, त्रास सोसला, आणि गुण कमी.

सायली : मग हळदही बंद करू?

मामा : आमटीतली हळद, भाजीतलं मिरं खुशाल खाऊ देत. हळद-मिऱ्याच्या कॅप्सूल मात्र नकोत. मिऱ्यातलं पायपरिन यकृतातली औषधं मोडणारी विकरं दाबतं, म्हणून तर ते त्या कॅप्सूलमध्ये घालतात. तेच केमोचं औषधही रक्तात जास्त वेळ ठेवू शकतं. त्या काही घेत असतील तर पुढच्या सलाइनच्या आधी डबीच नेऊन डॉक्टरांना दाखव.