नानांच्या फियाटचे तीन पंप



वर्कशॉपच्या तासाला तुमच्यापैकी कोणीतरी हमखास विचारतो, "सर, तुमच्या हातून कधी काही बिघडलंय का?" मी दरवेळी विषय बदलतो. मराठी पानासाठी लेख मागितला गेला तेव्हा ठरवले, या वेळी लिहूनच टाकावे. ईएमईमध्ये मी बावीस वर्षे व्हेईकल मेकॅनिक होतो. जोंगा, शक्तिमान, निसान वन-टन या गाड्यांच्या इंजिनांत माझी उमेद गेली. एवढे करून घरच्या एका जुन्या फियाटचा पेट्रोल पंप सहा महिन्यांत दोनदा फाटला, आणि तो माझ्याच कामामुळे.

गाडी लखनौची. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, तरुणपणी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून तिकडे गेले. आमच्या विटा-आटपाडी भागातली माणसे गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्यासाठी, देशभर पसरली आहेत. जिथे सराफकट्टा तिथे आमचा एखादा गाववाला सापडतोच. नाना अमीनाबादेत स्थिरावले. झंडेवाला पार्काच्या मागच्या एका गल्लीत, जुन्या हवेलीच्या चौकात त्यांचे घर आहे, आणि त्या चौकात त्यांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी उभी असते. कागदोपत्री पद्मिनी, घरात मात्र फियाटच. मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. नाना अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि अजून स्वतः चालवतात.

मे २०२३ मध्ये मी त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा गाडीचा मूळचा पंप गेला. पुढचे समजायला हा पंप कसा चालतो ते आधी पाहू.

पेट्रोलची टाकी मागे आणि कार्ब्युरेटर पुढे, इंजिनावर. पेट्रोल आपोआप वर चढत नाही, म्हणून इंजिनाच्या कुशीला एक छोटा पंप बसवलेला असतो. त्याला वीज लागत नाही. इंजिनातला कॅमशाफ्ट फिरतो, त्यावरचा उंचवटा पंपाच्या दांड्याला ढकलतो, दांडा एका लवचीक पडद्याला खाली ओढतो. हा पडदा म्हणजे रबर चढवलेल्या कापडाची गोल चकती. ती खाली गेली की वर पोकळी होते आणि टाकीतले पेट्रोल आत येते. उंचवटा सरला की खालची स्प्रिंग पडद्याला वर लोटते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जाते. येण्याच्या आणि जाण्याच्या वाटेवर एकेक झडप असते, म्हणून पेट्रोल मागे फिरत नाही. पेट्रोल ढकलते ती स्प्रिंग, दांडा नव्हे, हे नीट लक्षात ठेवा. कार्ब्युरेटर भरला की त्याची सुई बंद होते, पडदा खालीच थांबतो आणि दांडा नुसता हलत राहतो. किती साधे आणि शहाणे यंत्र आहे! त्या पडद्याची हालचाल जेमतेम काही मिलिमीटरची असते. माझी चूक त्या काही मिलिमीटरांतच झाली.

पंप आणि इंजिन यांच्या मध्ये बेकेलाइटची एक जाड चकती असते. आमचे मिस्त्री लोक तिला नुसते 'बेकेलाइट' म्हणतात. मे महिन्यात जुना पंप काढताना ती माझ्या हातून तडकली. बाजारातून आणलेल्या नव्या पंपाबरोबर कागदी गॅस्केटच तेवढी मिळाली. मी म्हटले, गॅस्केट आहे, तेलाची गळती होणार नाही, पुरे. दोन गॅस्केट लावली आणि पंप बसवला. बोल्ट आवळताना पंप गुडघ्याएवढा जोर लावून दाबून धरावा लागला, हे आज मला स्पष्ट आठवते. तेव्हा वाटले, नवी स्प्रिंग कडक असेल. गाडी चालू झाली. नानांना म्हटले, "आता धा वर्षं बघायला नको."

ऑगस्टमध्ये तो पंप फाटला. गल्लीतल्या मिस्त्रीने तिसरा पंप जसा होता तसा, म्हणजे बेकेलाइटशिवायच, बसवला. त्याचा दोष नाही. बेकेलाइट असते हे त्याला कळायला ती तिथे असायला हवी होती.

याच काळात गाडीला दुसरी एक खोड लागली. अर्धा तास चालली की गचके देऊन बंद पडायची. नानांनी यावर जुना उपाय सुरू केला, पंपावर ओले फडके. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचाही हाच इलाज होता. त्यामागे शास्त्र आहे. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण असते आणि त्यातले हलके भाग पस्तीस-चाळीस अंशांनाच उकळू लागतात. बॉनेटखाली याहून कितीतरी जास्त तापते. मग नळीत वाफेचे बुडबुडे होतात, पंप पेट्रोलऐवजी वाफच दाबत बसतो आणि इंजिन उपाशी मरते. याला वेपर लॉक म्हणतात. फडक्याने पंप गार होतो, वाफेचे पुन्हा पेट्रोल होते, पाच-दहा मिनिटांनी गाडी निघते. नानांची गाडीही फडके टाकून दहा मिनिटे थांबले की निघायची. त्यामुळे घरात सगळ्यांनी ठरवून टाकले, हे वेपर लॉकच.

नोव्हेंबरात काकूंच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. नाना त्यांना घेऊन येत होते. संध्याकाळची वेळ, कैसरबागेचा चौक. (भातखंड्यांनी १९२६ साली सुरू केलेले संगीत महाविद्यालय याच भागात आहे. लखनौला गेलात तर जरूर पाहा.) तिथे गाडी बंद पडली. काकूंच्या डोळ्यावर पट्टी, मागे हॉर्नचा गोंगाट. नानांनी बॉनेट उघडले तर पेट्रोलचा भपकारा आला. पंपाखालून थेंब थेंब गळत होते. मदतीला आलेला एक भला माणूस पेटती बिडी बोटांत धरूनच आत वाकला. नाना म्हणाले, त्या क्षणी ते कुणावर कधी ओरडले नसतील एवढे ओरडले.

चार दिवसांनी, दिवाळीला, मी पोहोचलो. चुलतभावाने दारातच सांगितले, "दादा, गाडी विकून टाकायची. आईला घेऊन पुन्हा असलं नको." नाना काही बोलले नाहीत. मी बॅग ठेवून म्हणालो, "नाना, चौथा पंप आणतो, या वेळी चांगल्यातला." तेव्हा ते एवढेच म्हणाले, "चौथा आणायच्या आधी पैले दोन बघणार न्हाईस?" आणि माळ्यावरून त्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढून दिला. गलाईवाला काही टाकत नाही. दुकान झाडलेला केरसुद्धा तो साठवतो, कारण त्यातही सोने असते. डब्यात दोन्ही पंप होते.

इथे माझी मान खाली गेली. सैन्यात निकामी झालेला भाग चिठ्ठी बांधून जपून ठेवायचा आणि का निकामी झाला ते लिहायचे, हे मी शेकडो वेळा केले होते. घरच्या गाडीला मी फक्त नवे आणत गेलो होतो.

दोन्ही पंप उघडले. मूळच्या पंपाचा पडदा वाळलेल्या चामड्यासारखा कडक झाला होता आणि सगळीकडून बारीक तडकला होता. त्याचे वय झाले होते, आणि पेट्रोलही बदलले आहे. आपल्याकडे २०२२ मध्ये पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळणे देशभर झाले, २०२३ पासून वीस टक्क्यांचे पेट्रोल येऊ लागले. जुन्या काळच्या रबराला इथेनॉल सोसत नाही. ते फुगते, मऊ पडते किंवा कडक होऊन तडकते. जुनी गाडी ठेवणाऱ्याने पडदा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्याच घ्याव्यात.

मी बसवलेल्या पंपाचा पडदा मात्र निराळाच निघाला. रबर ताजे आणि मऊ होते, पण मधल्या वॉशरच्या कडेने अर्धचंद्रासारखा फाटलेला. मग गाडीवरचा तिसरा पंप सोडवायला घेतला. शेवटचा बोल्ट सैल झाला तसा पंप स्प्रिंगने उडाल्यासारखा पुढे आला, आणि मे महिन्यात मी लावलेला तो जोर मला आठवला. तिसरा पडदा पाहिला. तोच अर्धचंद्र, त्याच जागी.

वेगवेगळ्या दुकानांतून आणलेले दोन पंप एकाच जागी फाटले, तर पंप वाईट नाहीत. बेकेलाइट नसल्यामुळे पंप इंजिनाच्या जास्त जवळ बसला होता. कॅमचा उंचवटा दांड्याला प्रमाणाबाहेर ढकलत होता आणि पडदा प्रत्येक फेऱ्याला ओढता येईल त्यापेक्षा जास्त ओढला जात होता. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे फिरले तर कॅमशाफ्ट हजार फिरतो, म्हणजे मिनिटाला हजार वेळा हा अत्याचार. शिवाय बेकेलाइट इंजिनाची उष्णता पंपापर्यंत पोहोचू देत नाही, ते कामही बंद पडले होते.

डब्याच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले बेकेलाइटचे दोन तुकडेही होते. नानांनी तेही ठेवले होते. लाटूश रोडवर यंत्रसामानाची दुकाने आहेत. तिथून त्याच जाडीचा बेकेलाइटचा तुकडा कापून आणला, भोके जुन्यावर ठेवून पाडली, नवा पडदा टाकून पंप बसवला. या वेळी तो हाताने हलकेच दाबताच जागेवर बसला.

त्याआधी ऑइलची दांडी काढून पाहिली होती. पातळी वरच्या खुणेच्या पार वर आणि ऑइलला पेट्रोलचा वास. पडदा फाटला की पेट्रोल बाहेर गळावे म्हणून बहुतेक अशा पंपांना खाली एक बारीक भोक असते. या पंपाचे भोक चिखल-ग्रीसने अर्धे बुजले होते, त्यामुळे बाहेर थेंब आणि आत धार. पातळ झालेले ऑइल बेअरिंग वाचवत नाही. आणखी थोडे दिवस गाडी तशीच चालती तर इंजिनच गेले असते. सैन्यात सकाळच्या फर्स्ट परेडला ऑइल पाहिल्याशिवाय गाडी हलत नाही. इथे सहा महिने कोणी दांडी काढलीच नव्हती. ऑइल बदलले.

मला वाटले, संपले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नानांना घेऊन चाचणीला निघालो. हवेत गारवा, नानांच्या अंगात स्वेटर. बरोबर अर्ध्या तासाने गाडी गचके देऊन बंद. नानांनी सवयीने बाटलीतले पाणी फडक्यावर ओतायला घेतले आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. थंडीत स्वेटर घालून वेपर लॉक कसले?

"नाना, थांबा. फडकं नका टाकू." मी मागे जाऊन पेट्रोलच्या टाकीचे झाकण सैल केले. 'फुस्स' असा आवाज करत हवा आत शिरली. गाडी पुढच्या चार-पाच स्टार्टरमध्ये चालू झाली, पंप तसाच गरम असताना.

टाकीतले पेट्रोल जसे कमी होते तशी तिच्यात हवा शिरली पाहिजे. नाहीतर आत पोकळी वाढत जाते आणि पंपाला पेट्रोल ओढवेनासे होते. बाटलीला तोंड लावून पाणी ओढून पाहा, थोड्या वेळाने येईनासे होते, तसेच. घरी येऊन गाडीखाली गेलो. टाकीच्या हवेच्या नळीचे तोंड वाळलेल्या मातीने गच्च बंद होते. कुंभारीण माशीने तिथे घर केले होते! थोडी हवा कुठून तरी झिरपायची, म्हणून दहा मिनिटे थांबले की गाडी निघायची. श्रेय मात्र ओल्या फडक्याला मिळत होते. आणि आम्ही सगळे पंपाकडे पाहत होतो, कारण पंप खरोखरच फाटत होता. दोन वेगळे रोग एकाच अंगावर होते.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी गाडी असेल तर सांगतो. बंद पडताच आधी टाकीचे झाकण उघडून आवाज ऐका. त्याने सुटले नाही तर इंजिन गार होऊ द्या. कॉइलची तार काढून ठेवा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. पंपाची पुढची नळी एका बाटलीत सोडा आणि स्टार्टर मारा. ठसठशीत पिचकाऱ्या आल्या तर पंप ठीक आहे, पुढे कार्ब्युरेटर पाहा. नाही आल्या तर मागची नळी काढून पंपाच्या तोंडावर बोट धरा. बोट ओढले गेले तर पंप जिवंत आहे आणि दोष टाकी ते पंप या वाटेवर आहे. हे सगळे उघड्यावर, आगीपासून लांब, शेजारी अग्निशामक ठेवून आणि मोठ्या माणसासोबतच करायचे. चौकातली ती बिडी विसरू नका.

गाडी विकली गेली नाही. काकूंच्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला त्या याच फियाटमधून गेल्या. फक्त त्या वेळी चुलतभाऊ मागे स्कूटरवर होता.

तिन्ही पडदे मी नानांकडून मागून आणले आहेत. वर्कशॉपच्या उत्तरेकडच्या फळीवर, व्हाइसच्या वर, चिठ्ठ्या बांधून ठेवलेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्याचा अर्धचंद्र एकाच बाजूला आहे, विरुद्ध बाजू अखंड आहे. असे का झाले असेल, ते मी मुद्दाम इथे लिहिलेले नाही. दांडा पडद्याला कोणत्या दिशेने ओढतो याचे चित्र काढा आणि शनिवारी तासाला घेऊन या.