टागोरांचं पत्र लिलावात घ्यावं का?

प्रश्न : रवींद्रनाथ टागोरांची सही असलेलं १९३६चं टंकलिखित पत्र लिलावात आलंय. घ्यावं का? पुढे ते अमेरिकेत मुलीकडे पाठवता येईल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचं : नाही. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार साहित्यिक मोल असलेलं, पंचाहत्तर वर्षांपूर्वीचं हस्तलिखित वा दस्तऐवज खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. मुलीला स्कॅन पाठवा.

आता खरेखोटेपणा. सही दहापट भिंगाखाली बघा. टाकाची शाई कागदाच्या तंतूंत किंचित पसरते, टाक रेंगाळतो तिथे दाट होते. छापलेल्या सहीत रेघ निर्जीव, एकसारखी दिसते, कधी ठिपकेही दिसतात. बॉलपेन सर्रास मिळू लागलं १९४५नंतर. टागोर १९४१ मध्येच गेले. त्यामुळे बॉलपेनची सही दिसली की विषय संपला.

भिंगापेक्षा मी पत्राच्या प्रवासाला जास्त मानतो. ते कोणाला लिहिलं, त्या घरातून कोणाकडे गेलं, याचे कागद मागा. नुसतं ‘जुन्या संग्रहातून’ म्हणत असतील तर बोली लावू नका. सोबतचं प्रमाणपत्र कोणी दिलंय तेही विचारा. बरेचदा विकणाऱ्यानेच दिलेलं असतं! बोलीवर लिलावगृहाचं कमिशन आणि कर वेगळे पडतात, ते धरूनच आकडा ठरवा.