शिवलेले जहाज

प्रस्तावना

नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करतात आणि पावसाळ्यात किनाऱ्याला लावलेल्या होड्या पुन्हा पाण्यात लोटतात. नारळाशी दर्यावर्दी लोकांचे नाते मात्र पूजेपुरते नाही. त्याच्या सोडणातून निघणाऱ्या काथ्याने एकेकाळी संपूर्ण जहाजे शिवली जात. ही कला पुन्हा समुद्रावर कशी आली, याची माहिती या पाठात दिली आहे.

मूळ पाठ

अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकातील एका चित्रात उंच शिडांचे जहाज रंगवलेले आहे. तसेच जहाज प्रत्यक्ष बांधावे, या हेतूने २०२३ साली केंद्रीय संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील एक जहाजबांधणी संस्था यांच्यात करार झाला. परंतु हाताशी होते ते केवळ चित्र. प्राचीन जहाजाचा आराखडा उपलब्ध नव्हता.

शिवणीची कला केरळमधील काही कारागिरांच्या हातांत टिकून होती. बाबू शंकरन यांच्या मार्गदर्शनाखाली गोव्यातील दिवाडी बेटावर काम सुरू झाले. फळ्यांच्या कडांना भोके पाडायची, सांध्यावर काथ्या दाबून बसवायचा आणि सुंभाने टाके घालून फळी फळीला आवळायची. अशा सांध्यांवर राळेचा लेप दिला की पाणी आत शिरत नाही. लाटेचा तडाखा बसला असता शिवलेले जहाज थोडे लवते. ताठ राहून तडकत नाही. चेन्नईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने जहाजाच्या प्रतिकृतीच्या चाचण्या घेतल्या.

२१ मे २०२५ रोजी कारवार येथे समारंभपूर्वक हे जहाज नौदलात दाखल झाले. आग्नेय आशियात गेलेल्या कौंडिण्य या दर्यावर्दीची कथा प्रसिद्ध आहे. त्याचेच नाव जहाजाला देण्यात आले. शिडांवर सूर्य आणि कर्नाटकाच्या राज्यचिन्हातही असलेला गंडभेरुंड, तर नाळेवर सिंहयाळी शोभत होती.

तथापि खरी परीक्षा खोल समुद्रातच होणार होती. तेराव्या शतकातील प्रवासी मार्को पोलो याने होर्मुझ बंदरातील शिवलेली जहाजे पाहून ती धोक्याची असल्याचे लिहून ठेवले होते. दुसरीकडे, १९८०-८१ मध्ये ओमानहून निघालेले ‘सोहार’ हे शिवलेले जहाज चीनपर्यंत पोहोचले होते. २९ डिसेंबर २०२५ रोजी कौंडिण्य पोरबंदरहून निघाले. इंजिन नव्हते, वाऱ्याचा आणि शिडांचाच भरवसा होता. १४ जानेवारी २०२६ रोजी ते मस्कतला पोहोचले आणि तेथे त्याचे स्वागत झाले.

जुने जहाज पुन्हा बांधणे म्हणजे केवळ शोभेची वस्तू घडवणे नव्हे. चित्राने जहाजाचा आकार जपला. पण टाका किती आवळावा, हे ज्ञान कारागिराच्या बोटांनीच जपले होते. ती बोटे थांबली असती, तर चित्र भिंतीवरच राहिले असते.

शब्दार्थ

सोडण – नारळावरील तंतुमय आवरण
सुंभ – काथ्याची दोरी
नाळ – जहाजाचा पुढचा निमुळता भाग
सिंहयाळी – सिंहासारखा काल्पनिक प्राणी

पाठावर आधारित प्रश्न

१. हे जहाज बांधताना कोणती मुख्य अडचण होती?
२. शिवलेल्या जहाजाला लाटांचा मारा का सोसतो?
३. तुमच्या परिसरातील मागे पडत चाललेल्या एका हस्तकलेविषयी जाणकाराला विचारून आठ-दहा ओळी लिहा.