विजेवरील मोटारी आणि जलद चार्जिंग केंद्रांचे जाळे

२६ मे २०१७ रोजी नागपूर शहरात विजेवर चालणाऱ्या २०० वाहनांचा एक प्रयोग सुरू झाला. टॅक्सी, ई-रिक्षा, बस अशी निरनिराळी वाहने त्यात होती. भाड्याच्या मोटारींची सेवा देणारी ओला आणि मोटारी बनविणारी महिंद्रा या कंपन्यांचा त्यात प्रमुख सहभाग होता. वाहनांच्या बॅटऱ्या भरण्यासाठी शहरात चार ठिकाणी मिळून ५० हून अधिक चार्जिंगच्या जागा उभारण्यात आल्या. म्हणजे चार वाहनांमागे सुमारे एक जागा. कागदावर हे प्रमाण अपुरे म्हणता येणार नाही. तथापि वर्ष उलटण्यापूर्वीच चालकांना रांगेत तासन्‌तास खोळंबावे लागते, खेपा बुडतात आणि त्यांतील काहींना पुन्हा डिझेलची गाडी हवी आहे, अशी वृत्ते प्रसिद्ध होऊ लागली.

असे का व्हावे? त्या मोटारी एका भरणीत शंभर-सव्वाशे किलोमीटर जात. नागपूरच्या उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्र चालू ठेवल्यास त्याहून कमी. टॅक्सीला दिवसभरात याहून अधिक अंतर कापावे लागते. साहजिकच सकाळी एकदम बाहेर पडलेल्या गाड्या दुपारी एकदमच केंद्रावर परतत आणि प्रत्येक गाडी तास-दोन तास जागा अडवून बसे. पेट्रोल पंपावर पाच मिनिटांत जे काम होते त्याला येथे एक तास लागत असेल, तर एका नळीचे काम करण्यास बारा नळ्या हव्यात, हे साधे गणित होय. चार्जिंग केंद्रांचा विचार करताना जागांच्या संख्येइतकेच महत्त्व वेळेला द्यावे लागते, ही गोष्ट नागपूरच्या प्रयोगाने देशात सर्वप्रथम स्पष्टपणे दाखवून दिली. त्या दृष्टीने तो प्रयोग व्यर्थ गेला असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

मंद आणि जलद

घरातील विजेचा प्रवाह सतत दिशा बदलणारा असतो, तर बॅटरीला एकाच दिशेने वाहणारा प्रवाह लागतो. हे रूपांतर करणारे लहानसे उपकरण प्रत्येक विद्युत मोटारीत बसविलेले असते. परंतु जागा व वजन यांच्या मर्यादेमुळे त्याची क्षमता बेताचीच ठेवावी लागते. २०२० च्या जानेवारीत बाजारात आलेल्या टाटा नेक्सॉन या विद्युत मोटारीचे उदाहरण घेऊ. तिच्या बॅटरीत ३०.२ युनिट वीज मावत असे आणि गाडीतील उपकरण ३.३ किलोवॅट क्षमतेचे होते. भागाकार केला की घरी बॅटरी पूर्ण भरण्यास नऊ तासांहून अधिक वेळ लागणार हे दिसते. रात्री गाडी दारात उभी असताना याने काही बिघडत नाही. वाटेत मात्र एवढा वेळ कोणाजवळ नसतो.

जलद चार्जिंग केंद्रात हे रूपांतर गाडीबाहेर, कपाटाएवढ्या मोठ्या यंत्रात होते आणि तयार एकदिश प्रवाह थेट बॅटरीत सोडला जातो. म्हणून त्या यंत्राची क्षमता ३०, ६०, १२० किंवा त्याहूनही अधिक किलोवॅट ठेवता येते. आणि म्हणूनच ते महागही असते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ५० किलोवॅटच्या यंत्रावर वर उल्लेखिलेली मोटार अर्ध्या तासात भरून निघेल, असे हिशेब सांगतो. प्रत्यक्षात शून्यापासून ८० टक्क्यांपर्यंत भरण्यासच तिला सुमारे एक तास लागतो, असे निर्मात्यांनीच नमूद केले होते. कारण वीज किती वेगाने घ्यावयाची, हे यंत्र ठरवीत नाही, बॅटरी ठरविते. एस. टी.च्या रिकाम्या गाडीत पहिले वीस उतारू भराभर जागा धरतात, शेवटच्या चौघांना मात्र रिकामी जागा शोधत मागपर्यंत जावे लागते. लिथियमचे कण ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात तेव्हा असेच घडते. ते बळेच कोंबले, तर आत जाण्याऐवजी पृष्ठभागावर धातूच्या रूपाने साचू लागतात व बॅटरीचे आयुष्य घटते. यास्तव ८० टक्क्यांनंतर वेग आपोआप मंदावतो. शेवटच्या २० टक्क्यांसाठी जागा अडवून बसणारा चालक स्वतःचा वेळ घालवितो आणि मागच्याचाही.

जोडणीचा प्रश्न

जपानने या क्षेत्रात आरंभीच पाऊल टाकले. तेथील वीज कंपनी आणि मोटार कारखानदार यांनी २०१० मध्ये ‘चाडेमो’ नावाची जोडणी प्रचारात आणली. ‘चहा तरी घेता का?’ अशा अर्थाच्या जपानी वाक्यावरून हे नाव घेतले आहे. चहा होईतो गाडी भरून होईल, असा त्यातील आशय. पुढे युरोपात वेगळी जोडणी आली आणि २०१४ च्या निर्देशाद्वारे युरोपीय संघाने ‘सीसीएस-२’ हीच सर्वत्र असावी असे ठरविले. अमेरिकेत टेस्ला कंपनीने २०१२ पासून स्वतःची निराळीच जोडणी असलेली केंद्रे उभारली; ती इतरांसाठी खुली करण्याचे पाऊल तिने २०२२ च्या नोव्हेंबरात टाकले. दहा वर्षे एकाच रस्त्यावर परस्परांना न चालणारी यंत्रे उभी होती, असा याचा अर्थ.

भारतातही काही काळ हा गोंधळ झाला. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १४ डिसेंबर २०१८ रोजी पहिली मार्गदर्शक तत्त्वे काढली, तेव्हा प्रत्येक सार्वजनिक केंद्रावर पाच प्रकारची यंत्रे असणे आवश्यक केले होते. कोणत्या प्रकारच्या मोटारी येतील हे त्या वेळी निश्चित नव्हते, हे खरे. पण जी यंत्रे कोणी वापरणार नव्हते त्यांच्यावरही खर्च करणे केंद्रचालकास भाग होते. ऑक्टोबर २०१९ च्या सुधारणेने ही सक्ती शिथिल झाली आणि पुढे मोटारींमध्ये सीसीएस-२ हीच जोडणी रूढ झाली.

याहून महत्त्वाचा निर्णय त्याच्या आधीचा आहे. वीज कायदा, २००३ प्रमाणे परवान्यावाचून वीज विकता येत नाही. मग चार्जिंग केंद्र चालविणारा वीज विकतो की सेवा देतो? १३ एप्रिल २०१८ रोजी मंत्रालयाने स्पष्ट केले की, ही सेवा होय व तिला परवाना लागत नाही. या एका खुलाशामुळे पेट्रोल पंपचालक, हॉटेलमालक, सहकारी संस्था अशा कोणालाही केंद्र काढण्याची वाट मोकळी झाली.

अंतर किती असावे?

२०१८ च्या तत्त्वांत शहरामध्ये दर ३ किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात एक, तर महामार्गावर दोन्ही बाजूंस दर २५ किलोमीटरला एक केंद्र असावे, असे सुचविले होते. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमावलीत प्रमुख मार्गांवर ६० किलोमीटरचे कमाल अंतर आहे. मात्र तेथे केंद्राची एकूण क्षमता किमान ४०० किलोवॅट असावी असेही बंधन आहे. नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के विजेवरील होत्या. तेथे शासकीय साहाय्याने मुख्य रस्त्यांवर दर ५० किलोमीटरला किमान दोन जलद यंत्रे बसविण्याचा कार्यक्रम २०१५ पासून राबविला गेला. दोन अशासाठी की, एक नादुरुस्त झाले तरी रस्ता बंद पडू नये. रहदारी वाढली तसे खाजगी व्यावसायिक आपण होऊन पुढे आले. उत्तरेकडील विरळ वस्तीचा फिनमार्क हा भाग मात्र मागे राहिला. आपल्याकडे गडचिरोली किंवा नंदुरबार जिल्ह्यांच्या बाबतीत हा अनुभव ध्यानात घेण्याजोगा आहे. केवळ धंद्याच्या हिशेबावर तेथे यंत्र येणार नाही.

महाराष्ट्राच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणात बृहन्मुंबईसाठी १,५००, पुण्यासाठी ५००, नागपूरसाठी १५० अशी केंद्रांची उद्दिष्टे होती. अमरावतीच्या वाट्याला ३०, तर सोलापूरच्या वाट्याला २० केंद्रे आली होती. २९ एप्रिल २०२५ रोजी मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या नव्या धोरणात राष्ट्रीय व राज्य महामार्गांवर दर २५ किलोमीटरला सोय करण्याचा संकल्प आहे. देशभरात डिसेंबर २०२४ मध्ये सार्वजनिक केंद्रांची संख्या २५ हजारांवर गेली होती. त्यांत कर्नाटक पहिला आणि महाराष्ट्र दुसरा होता. केंद्राच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत सार्वजनिक चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपयांची तरतूद असून, मोटारींसाठी २२,१०० जलद यंत्रांचे लक्ष्य आहे.

आकडे मोठे आहेत. परंतु प्रवाशाला उपयोग चालू यंत्राचा होतो, मोजलेल्या यंत्राचा नव्हे. शिक्षकांना वर्गात सोडवून घेता येईल असे एक उदाहरण येथे देतो.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा आहे. समजा, एका मोटारीची बॅटरी ४० युनिटची आहे आणि महामार्गाच्या वेगात ती एका युनिटमध्ये ५ किलोमीटर जाते. पूर्ण भरून निघालेली गाडी १० टक्के शिल्लक ठेवून थांबली, तर पहिला टप्पा १८० किलोमीटरचा होतो. पुढे प्रत्येक वेळी १० पासून ८० टक्क्यांपर्यंत भरल्यास टप्पा १४० किलोमीटरचा पडतो. उरलेल्या ५२१ किलोमीटरना चार थांबे पुरतात. आता १० टक्के म्हणजे ४ युनिट, म्हणजे २० किलोमीटर. पुढचे केंद्र २५ किलोमीटरवर असेल आणि या केंद्रावरील यंत्र बंद निघाले, तर गाडी वाटेत उभी राहील! म्हणून सावध चालक ३० टक्के शिल्लक असतानाच थांबतो. मग पहिला टप्पा १४० किलोमीटरचा, पुढचे १०० किलोमीटरचे आणि थांबे सहा. रस्ता तोच, गाडी तीच, केंद्रेही तेवढीच. केवळ विश्वास नाही म्हणून दोन थांबे वाढले. सर्वांनीच असे केले म्हणजे प्रत्येक केंद्रावरील रांग लांबते. बंद पडलेल्या एका यंत्राचा त्रास त्या एका ठिकाणापुरता मर्यादित राहत नाही, तो असा.

अमेरिकेच्या केंद्र शासनाने २०२३ मध्ये अनुदानित यंत्रांसाठी नियम केला की, ती वर्षातील किमान ९७ टक्के वेळ चालू असली पाहिजेत. उरलेले ३ टक्के म्हणजे वर्षाकाठी अकरा दिवस. आपल्याकडेही अनुदानाचा शेवटचा हप्ता यंत्र बसविण्याशी न जोडता ते चालू ठेवण्याशी जोडला जावा, असे सुचवावेसे वाटते.

गावाच्या वेशीवर

महामार्गाचा मोठा भाग गावांच्या हद्दींतून जातो. एकट्या समृद्धी महामार्गाने ३९२ गावांना स्पर्श केला आहे. तेथे केंद्र येते तेव्हा पहिला प्रश्न विजेचा असतो. ६० किलोवॅटची दोन यंत्रे एकाच वेळी चालली, तर १२० किलोवॅट भार येतो. पाच अश्वशक्तीचा कृषिपंप सुमारे ३.७ किलोवॅट घेतो. म्हणजे हा भार बत्तीस पंपांइतका झाला. गावात ज्याला सर्वजण डीपी म्हणतात ते रोहित्र बहुधा ६३ किंवा १०० केव्हीएचे असते. त्यावर असे केंद्र जोडणे शक्यच नाही. उच्चदाब वाहिनीवरून स्वतंत्र जोडणी व स्वतंत्र रोहित्र लागते. ग्रामस्थांनी ‘आमच्या पंपांची वीज पळविणार’ अशी शंका काढल्यास तिला उत्तर देण्याची जबाबदारी सरपंचावर येते. स्वतंत्र जोडणीचा नकाशा महावितरणकडून मागवून तो ग्रामसभेपुढे ठेवावा, हे उत्तम.

दुसरा प्रश्न चालविण्याच्या खर्चाचा. ६० किलोवॅटचे यंत्र अखंड चालले तर दिवसाला १,४४० युनिट देईल. आडबाजूच्या रस्त्यावर दिवसाला दोनच मोटारी आल्या आणि प्रत्येकीने २८ युनिट घेतले, तर काम होते ५६ युनिटचे. क्षमतेच्या चार टक्के. यंत्राच्या किमतीवरील व्याज मात्र पूर्ण भरावे लागते. केंद्रीय तत्त्वांत शासकीय जमीन दर युनिटमागे एक रुपया या वाट्याने देण्याची तरतूद २०२२ पासून आहे, ती या दृष्टीने हितावह होय. धंदा नसताना भाड्याचा बोजा पडत नाही. तसेच सकाळी ९ ते दुपारी ४ या सूर्यप्रकाशाच्या वेळेत वीज स्वस्त ठेवावी, असे २०२४ च्या तत्त्वांत म्हटले आहे. दिवसा प्रवास करणाऱ्यांना ते सोयीचेच आहे.

पंचायतीने जागा सुचविताना गायरानाचा मोह टाळावा. गावाच्या सामाईक जमिनींविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिलेला निर्णय आणि त्यानंतर राज्य शासनाने घातलेले निर्बंध सर्वपरिचित आहेत. बाजार समितीचे आवार, एस. टी. स्थानक, सहकारी संस्थेचा पेट्रोल पंप या जागा अधिक योग्य. महामंडळाची ‘शिवाई’ ही विद्युत बस १ जून २०२२ पासून पुणे-अहमदनगर मार्गावर धावू लागली. जेथे बससाठी उच्चदाब जोडणी घेतली जाते, तेथे आवाराबाहेर मोटारींसाठी दोन यंत्रे लावण्याचा विचार विभागीय अधिकाऱ्यांनी प्रत्येक वेळी करून पाहावा. एकदा वाहिनी आली की वाढीव खर्च थोडा असतो.

केंद्रावर प्रवासी पाऊण तास थांबतो. पेट्रोल पंपावर त्याला खाली उतरण्याचेही कारण नसते. येथे त्याला स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, सावली आणि रात्री पुरेसा उजेड लागतो. एकट्याने प्रवास करणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने उजेड ही यंत्राइतकीच आवश्यक गोष्ट आहे. गावातील महिला बचत गटाने तेथे न्याहारी-चहाची व्यवस्था केली, तर त्या पाऊण तासाचे उत्पन्न गावात राहते. यंत्र बंद पडल्यास कोणाला कळवावे, त्याचा दूरध्वनी क्रमांक मराठीत ठळकपणे लिहिलेला असावा, आणि तो लागतो की नाही हे ग्रामसेवकाने महिन्यातून एकदा स्वतः फिरवून पाहावे.