कागदी नंबरप्लेट आणि लाल दिवा



कॅलिफोर्नियात नव्याने आलेली आपली मंडळी पहिली गाडी घेतात, तेव्हा डीलर तिला कागदी नंबरप्लेट लावून देतो. धातूची प्लेट घरी येईपर्यंत सिग्नल तोडला तरी आपल्याला कोण ओळखणार, असे काही तरुण हसत हसत बोलतात. म्हणून आजचा पाठ या विषयावर.

एके काळी या बोलण्यात थोडे तथ्य होते. २०१८ अखेरपर्यंत नव्या गाडीला प्लेटच्या जागी डीलरची जाहिरात असे, नंबर नसे. ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांची मर्सिडीज अशीच बिननंबरी फिरे. मुदत भरत आली की ते भाड्याची गाडी बदलून दुसरी घेत, असे सांगतात. श्रीमंतांची हौस! १ जानेवारी २०१९ पासून मात्र प्रत्येक तात्पुरत्या प्लेटवर स्वतंत्र नंबर व मुदतीची तारीख छापलेली असते. मुदत विक्रीपासून ९० दिवस. गाडी दुकानाबाहेर पडण्याआधीच तो नंबर डीएमव्ही या वाहन खात्याकडे नोंदवला जातो. खोटी प्लेट छापून लोकांना फसवणे हा तर गंभीर गुन्हा, त्यात तुरुंगही आहे.

आता लाल दिवा. पिवळा असताना चौकात शिरणे हा तेथे गुन्हा नाही. दिवा लाल झाल्यावर गाडीने थांबण्याची रेषा ओलांडली, तर गुन्हा. उजवीकडे वळायचे असल्यास लाल दिव्यावरही वळता येते, पण आधी चाके पूर्ण थांबली पाहिजेत, आणि मनाईची पाटी नसावी. आपल्याकडचे बहुतेक लोक इथेच सापडतात: वेग कमी करतात, डावीकडे बघतात आणि न थांबता वळतात.

पोलिसाने पकडले, तर सरळ जाताना लाल दिवा तोडल्याचा मूळ दंड १०० डॉलर. त्यावर निरनिराळे अधिभार चढून आकडा सुमारे ४९० डॉलरवर जातो. न थांबता उजवीकडे वळल्यास मूळ दंड ३५, तोही अधिभारांसह २३० च्या पुढे. दोन्हींत लायसन्सवर एक पॉइंट पडतो आणि तो तीन वर्षे राहतो, विम्याचा हप्ता वाढतो तो वेगळाच. बारा महिन्यांत चार पॉइंट झाले, तर लायसन्सवर गदा येते. ट्रॅफिक स्कूल केल्यास तो पॉइंट विमा कंपनीला दिसत नाही, पण ही सवलत अठरा महिन्यांतून एकदाच.

पोलीस कागदावर सही मागतो तेव्हा आपले वडीलधारे घाबरतात. ती सही म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. ठरल्या तारखेपर्यंत कोर्टाला उत्तर देईन, एवढेच वचन. सही नाकारली, तर मात्र अटक होऊ शकते.

खरी अडचण पत्त्याची. गाडी घेताना आपण मामाच्या घरी असतो, दोन महिन्यांनी भाड्याच्या घरात जातो. सिग्नलवरच्या कॅमेऱ्याची नोटीस टपालाने जाते ती नोंदलेल्या पत्त्यावर. मामा समजतात, जाहिरातीचे पाकीट; ते टेबलावर पडून राहते. तिकडे मुदत टळून दंड वाढतो. पत्ता बदलल्यापासून १० दिवसांत डीएमव्हीला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. लायसन्स आणि गाडी, दोन्हींवरचा पत्ता बदलून घ्यावा. तेवढ्यात मामांकडे एक फोन करून आलेली पाकिटे उघडायला सांगावे.